तेहतिसातला पहिला

आज पाण्याचा दिवस.
पाच दिवसांनी येणारं पाणी नेमकं आजच, सात ते नऊ,
आणि मशीनची वेळ साडेआठ.
भूलक्ष्मीला सांगून आले, आमचंही पिंप भर,
झाकण लाव.
कुठं निघालो ते तिनं विचारलं नाही.
अख्ख्या विडी घरकुलाला ठाऊक आहे.

रिक्षात तुम्ही कडेला. गळ्याभोवती टॉवेल,
आपल्याच कारखान्यातला, काठाचा दोरा सुटलेला
म्हणून फुकट मिळालेला.
अशोक चौकाजवळ बोट दाखवलंत, मग कान,
मग तळहात उलटा केलात.
म्हणजे, हे माग बंद पडले वाटतं. आवाज नाही.

तीस वर्षं खडखडाटात तुम्ही हातांनीच बोललात.
धागा तुटला, कांडी संपली, मालक आला.
घरी येऊनही तेच. मीठ कमी, तर नुसती चिमूट.
मी चिडायचे,
देवानं तोंड दिलंय ना, बोला की त्यानं.
ते वाक्य आता परत घेता येत नाही.

पोरगी फाइल बघून ओरडली, राजमोगरे!
राजमोगरे सायन्ना कोण?
मी म्हणाले, राजमोगली. येलदी राजमोगली.
तुम्ही हात हलवलात, पर्वालेदू,
मोगरा तर मोगरा.

मागच्या आठवड्यात गरम पाण्यातून काढून
ती पांढरी जाळी तुमच्या तोंडावर ताणून बसवली.
थंड होईपर्यंत हलू नका, गिळू नका.
नंतर वहीत लिहून दाखवलंत,
वीण बरी आहे, पण ताण सगळीकडे सारखा नाही.
त्या मुलाला हसावं की नाही कळेना.

आज तीच जाळी खांद्यापर्यंत ठोकून
ते सगळे बाहेर आले. सगळेच.
दार तिजोरीसारखं, वर लाल दिवा.
आत तुम्ही एकटे.

माझी बोटं मांडीवर आपोआप चालू झाली.
पान, चिमूट, वळ, टोक दुमड, दोरा.
शेजारची बाई बघत राहिली.
रोजच्या सातशे-आठशे.
चेकर छाट काढायचा, ती घरी यायची,
आणि फेकायची कशाला म्हणून
तुम्ही ओढायचात.
चांगली विडी मी तुम्हाला एकदाही दिली नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, किती ओढायचे? किती वर्षं?
तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाही.
अंगठा आणि बोट जवळ आणलंत. एवढीशी. कधीमधी.
डॉक्टरांच्या तोंडावर खोटं बोललात,
आणि मी ते लिहू दिलं.

बारा मिनिटं.
बाहेर आलात तर कपाळावर, गालांवर
जाळीचे चौकोन उठलेले,
रुमालावर इस्त्री चुकावी तसे.
दुखलं? मान नाही म्हणाली.
भीती? ते तुम्ही ऐकलंच नाही असं केलंत.

फाटकाबाहेर मी एक बोट दाखवलं. झाला एक.
तुम्ही उरलेले दाखवायला गेलात,
दहा, पुन्हा दहा, पुन्हा दहा...
तिसऱ्या दहाला एक रिक्षा करकचून थांबली.
कुठं जायचं? त्यानं विचारलं.
आपण दोघं हसलो. तुमचा आवाज घोगरा, फाटका,
पण होता.

घरी नळ गेलेला. पिंप काठोकाठ,
भूलक्ष्मीनं तांब्यासुद्धा भरून ठेवलेला.
शेंगाचटणीची बरणी मी कालच माळ्यावर टाकली,
तिच्या जागेवर गोल तेलकट डाग आहे.
दुधात कुस्करलेली भाकरी चार घास गेली.
पाचव्याला तुम्ही हात आडवा धरलात.

मग झोपलात.
रात्री भिजवलेली पानं गोणपाटात तशीच.
आज वळली नाहीत तर वाया जातील,
आणि हप्ता शनिवारी.
सूप मांडीवर घेतलं, तुमच्याकडे पाठ केली.
दोरा तोडताना आवाज येतोच, कितीही हळू तोडला तरी.

उद्याही साडेआठ.
उद्या पाणी नाही.